माझ्या काळापुरतं

२०१६ च्या उन्हाळ्यात नांदेडहून लातूरला जाताना एसटीत माझ्या पायांशी वीस लिटरचा जार असायचा. बहिणीचं घर लातूरला. तिचा फोन यायचा, "दादा, येताना बाकी काही आणू नको, पाणी आण." टंचाई नांदेडलाही होतीच, पण लातूरच्या मानानं आम्ही सावकार. तिच्या अंगणात ड्रम, पिंपं, कळश्या, बादल्या, एवढंच काय, लग्नात मिळालेली तांब्याची घागरसुद्धा ओळीत मांडलेली असायची. टँकर कधी येईल याचा नेम नाही, म्हणून घरातलं एक माणूस कायम घरीच. मार्चमध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकर भरण्याच्या जागी जमावबंदी लावली होती. १४४ कलम आम्हाला दंगलीमुळे ठाऊक होतं. घागरींसाठी ते लागतं, हे तेव्हा कळलं.

मग एप्रिलमध्ये गाडी आली. मिरजेहून निघालेली, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापून आलेली, दहा टाक्यांची, पाच लाख लिटरची. पुढे पन्नास टाक्यांची गाडी सुरू झाली, म्हणजे एका खेपेला पंचवीस लाख लिटर. लोक स्टेशनावर गाडी बघायला गेले. कुणी इंजिनाला हार घातला, कुणी फोटो काढले. आणि हे पाणी नेमकं कुणी आणलं यावरून श्रेयाची ओढाताण गाडी पूर्ण रिकामी व्हायच्या आतच सुरू झाली.

बहिणीच्या शेजारी एक निवृत्त सिस्टरबाई राहतात. सगळा जन्म सरकारी दवाखान्यात काढलेल्या, बोलायला तिखट. त्या संध्याकाळी गाडीचा विषय निघाला. मी कौतुकानं काहीतरी बोललो असेन. त्या म्हणाल्या, "भाऊ, आमच्या शास्त्रात हिज्कीया म्हणून एक राजा आहे. त्यानं वेढा पडायच्या आधी बोगदा खोदला. आपल्यांनी वेढा पडल्यावर गाडी आणली." आणि आत जाऊन पवित्र शास्त्राची जाडजूड प्रत घेऊन आल्या. "वाचा. पण शेवटपर्यंत वाचा. अर्धा राजा वाचून सोडून देऊ नका."

मी वाचला. आणि बाईंनी तो शेवटपर्यंत वाचायला का सांगितलं, हे समजायला मला बरेच दिवस लागले.

हिज्कीया पंचविसाव्या वर्षी यहूदाच्या गादीवर बसला, ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात. बाप आहाज. त्यानं मंदिराचे दरवाजे बंद केलेले, अश्शूरच्या राजापुढे मान तुकवलेली, दमास्कसमधल्या वेदीची नक्कल यरुशलेमात उभी केलेली. मुलानं पहिल्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात मंदिराचे दरवाजे उघडले आणि दुरुस्त केले. उत्तरेचं राज्य अश्शूरनं बुडवलं होतं. तिथं मागं राहिलेल्या लोकांनाही त्यानं वल्हांडणाच्या सणाचं आमंत्रण धाडलं. जासूद गावोगाव फिरले, बहुतेक ठिकाणी लोक त्यांना हसले, थोडे आले. जे आले त्यांची शुद्धी विधिवत झालेली नव्हती. राजानं त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि त्यांना पंगतीत घेतलं. मला हा भाग फार आवडतो. सोवळ्यापेक्षा माणूस आधी, हे कळणारा राजा विरळा.

मग त्यानं अश्शूरची खंडणी थांबवली. ख्रिस्तापूर्वी ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला. त्याच्या स्वतःच्या कोरीव लेखात तो सेहेचाळीस तटबंदीची शहरं घेतल्याचं सांगतो आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडल्याचं सांगतो. यरुशलेम घेतलं असं मात्र तो सांगत नाही. लाखीश शहर पडलं, त्याची कोरीव चित्रं निनवेच्या महालात लावलेली होती. यरुशलेम टिकलं. शास्त्र त्याचं श्रेय देवदूताला देतं. मी त्यात पडत नाही. पण एक गोष्ट कुणीही मान्य करील: वेढ्यात शहर आधी तहानेनं पडतं, तलवारीनं नंतर. यरुशलेमचा गीहोन झरा तटाबाहेर होता. राजानं बाहेरचे झरे बुजवले आणि डोंगराच्या पोटातून ५३३ मीटर लांबीचा नागमोडी बोगदा खणून ते पाणी शहरात, शिलोहच्या तळ्यात आणलं. दोन टोकांनी दोन टोळ्या खणत निघाल्या आणि खडकाच्या आत एकमेकांना भेटल्या. उतार इतका थोडा, की सबंध लांबीत तीसेक सेंटिमीटर. आजही त्यातून पाणी वाहतं आणि हौशी प्रवासी गुडघाभर पाण्यातून चालत जातात.

मराठवाड्याच्या माणसाला या गोष्टीचं अप्रूप वाटायला नको खरं तर. बीडची खजाना बावडी, औरंगाबादची नहर-ए-अंबरी, हे सगळं जमिनीच्या पोटातून पाणी वळवण्याचंच शास्त्र. कंधारचा जगत्तुंग समुद्र राष्ट्रकूटांच्या काळाची आठवण सांगतो. आपल्याकडे पाणी राखणारे राजे झाले नाहीत असं नाही.

पण त्या बोगद्यात एक शिलालेख सापडला, १८८० साली, पाण्यात खेळणाऱ्या पोरांना. सहा ओळींचा. आता तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्यात काय आहे? दोन टोळ्यांमध्ये तीन हातांचं अंतर उरलं तेव्हा पलीकडचा आवाज ऐकू आला, मग कुदळीला कुदळ भिडली, मग पाणी वाहिलं, डोक्यावर शंभर हात खडक होता. बस्स. राजाचं नाव नाही, प्रधानाचं नाव नाही, कुणाच्या शुभहस्ते हे नाही. जे कोरलंय ते खणणाऱ्यांच्या बाजूनं कोरलंय. शास्त्रातही या बोगद्याला जेमतेम एकदोन वाक्यं मिळतात. आमच्याकडे पाझर तलावाच्या सांडव्यावर कोनशिला असते, तिच्यावर आठ नावं असतात, आणि पुष्कळदा तलावापेक्षा कोनशिला जास्त टिकते.

इथवर वाचून मी पुस्तक मिटणार होतो. लेखाला पुरेसं झालं होतं: दूरदृष्टीचा राजा, नावाचा हव्यास नाही, लोकांना सोबत घेणारा, पाण्याची जाण असणारा. प्रवचनकार बहुधा इथंच थांबतात. पण यशया थांबत नाही.

यशया हा त्याच दरबाराजवळचा संदेष्टा, राजाच्या बाजूचा माणूस. वेढ्यात त्यानंच राजाला धीर दिला. तरी त्याच्या ग्रंथात या तटबंदीवर एक कडू उतारा आहे. तुम्ही खालच्या तळ्याचं पाणी साठवलंत, शहरातली घरं मोजलीत, तट मजबूत करायला घरं पाडलीत, दोन भिंतींमध्ये हौद केलात. पण ज्यानं हे फार पूर्वी योजलं त्याच्याकडे पाहिलं नाहीत, असा त्याचा रोख. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवू. मला त्यातले दोन शब्द टोचतात: घरं मोजली आणि पाडली. तट उभा राहतो तेव्हा कुणाचं तरी घर त्यात चिणलं जातं. जायकवाडीनं कितीतरी गावं पोटात घेतली, आणि ज्यांची गावं गेली त्यांना कालव्याचं पाणी मिळालंच असं नाही. चांगल्या राजाच्या चांगल्या कामाचाही हिशेब मागणारा माणूस दरबारात असणं, आणि राजानं त्याची जीभ न छाटणं, हे मला बोगद्याहून मोठं वाटतं. आमच्या नेत्यांभोवती कोण असतं ते मी सांगायला नको.

संकटात आम्ही मराठवाड्याचे लोक चांगलेच वागतो, हे मान्य करूनच पुढं जायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना किल्लारीची जमीन हलली. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, हजारो गेले. त्या दिवसांत सरकार जागं होतं, मुख्यमंत्री जागेवर होते, सारा महाराष्ट्र भाकऱ्या बांधून धावला. गावंच्या गावं नव्या जागी वसवली गेली. पाण्याच्या गाडीचंही तसंच. डबे धुऊन आणायचे, मिरजेला पाणी भरायचं, लातूरला उतरवून शुद्ध करायचं, हे सोपं काम नव्हतं, आणि ते चोख झालं. वेढ्यातला कारभार आम्हाला जमतो.

पण एक गोष्ट मी कितीही वेळा मनात फिरवली तरी बोचायची राहत नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. देशाला दोन गृहमंत्री दिले, शंकरराव आणि शिवराज पाटील चाकूरकर. चाकूरकर तर लोकसभेचे अध्यक्षही होते. एवढी सत्ता महाराष्ट्रात फार थोड्या भागांच्या वाट्याला आली असेल. तरी पिण्याचं पाणी रुळावरून आणावं लागलं. या माणसांनी काही केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. धरणं, संस्था, कॉलेजं, रस्ते त्यांच्याच काळातले. मग चुकलं कुठं?

त्याचं उत्तर मला हिज्कीयाच्या उत्तरार्धात सापडलं.

राजा आजारी पडला. मरणार, असं यशयानं सांगितलं. हिज्कीयानं तोंड भिंतीकडे वळवलं, प्रार्थना केली आणि ढसढसा रडला. यशया अजून वाड्याचा चौकही ओलांडून गेला नव्हता, तेवढ्यात त्याला परत फिरावं लागलं: तुझी विनंती ऐकली, आणखी पंधरा वर्षं दिली. मग बाबेलचे वकील समाचाराला आले, भेटी घेऊन. राजा खूश झाला. त्यानं त्यांना सगळं दाखवलं. सोनं, रुपं, सुगंधी द्रव्यं, शस्त्रागार, कोठारं. दाखवायचं राहिलं असं काही ठेवलं नाही. यशया आला आणि त्यानं विचारलं, हे कोण, कुठून आले, काय पाहिलं? मग सांगितलं, हे सारं एक दिवस बाबेलला जाईल, आणि तुझ्याच वंशातली मुलं तिथल्या राजवाड्यात खोजे होतील.

यावर राजा काय म्हणाला? परमेश्वराचं वचन चांगलंच आहे, असं म्हणाला. आणि त्यामागचा विचारही शास्त्र लपवत नाही: म्हणजे निदान माझ्या हयातीत तरी शांती राहील.

काही भाष्यकार याला नम्रता म्हणतात. देवाचा निवाडा मुकाट स्वीकारणारा भक्त त्यांना इथं दिसतो. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचं कारण त्याच प्रकरणात चार ओळी वर आहे. स्वतःचं मरण कळलं तेव्हा या माणसानं निवाडा मुकाट स्वीकारला नव्हता. भिंतीकडे तोंड करून रडला होता, आणि रडून निवाडा बदलून घेतला होता. म्हणजे निवाडा बदलतो, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. पण नातवंडा-पतवंडांच्या गुलामीची बातमी आली तेव्हा भिंत तिथंच होती, राजा तिच्याकडे वळला नाही. स्वतःसाठी डोळ्यांत पाणी होतं, पुढच्यांसाठी नव्हतं.

वेढ्यात जो राजा पक्का निघाला तो सुखात ढिला पडला. सन्हेरीबानं धाडलेलं धमकीचं पत्र हातात घेऊन तो मंदिरात गेला होता, देवापुढं उलगडून ठेवलं होतं. बाबेलचे वकील गोड बोलत आले तेव्हा त्याला कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: नेत्याचं इमान संकटात मोजायचं नसतं. संकटात चांगलं वागायला संकटच भाग पाडतं. ते मोजायचं धरण भरलेलं असताना.

'इमान' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आमच्या मराठवाडी बोलीत 'निष्ठा' कुणी म्हणत नाही, 'इमान' म्हणतात. 'इमानानं सांग', 'इमानी बैल', 'त्याच्यात इमान नाही'. हा अरबी शब्द निजामाच्या मुलखात घरोघरी मुरला. त्याचं मूळ आणि प्रार्थनेच्या शेवटी म्हणतात त्या हिब्रू 'आमेन'चं मूळ एकच. त्या मुळाचा अर्थ पक्कं असणं, भार सोसणं. त्याच मुळातला आणखी एक शब्द आपल्याकडे आहे: अमानत. दुसऱ्याची वस्तू, आपल्याकडे सांभाळायला ठेवलेली, मागितली की परत द्यायची. सिस्टरबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे आम्ही दर रविवारी 'अमानत' म्हणतो म्हणा की." भाषाशास्त्रज्ञ काही म्हणोत, मला तो अर्थ चालेल. राजाच्या कोठारातलं सोनं, धरणातलं पाणी, जमिनीखालचं पाणी ही अमानत. हिज्कीयानं ती दागिना समजून पाहुण्यांना दाखवली.

आता थोडं मागं जातो, कारण एक गोष्ट मी वर गाळली. गादीवर आल्यावर हिज्कीयानं पितळेचा एक साप फोडला. नहुश्तान त्याचं नाव. तो साधासुधा मूर्तीचा तुकडा नव्हता. रानात लोकांना साप चावत होते तेव्हा मोशेनं देवाच्याच सांगण्यावरून तो केला होता. त्याच्याकडे पाहिलं की चावलेला माणूस वाचायचा. म्हणजे तो खरोखरच तारणारा होता. शेकडो वर्षं जपलेला. पण लोक त्याच्यापुढं धूप जाळू लागले. परक्याचं दैवत फोडणं सोपं, त्याला टाळ्याही पडतात. ज्यानं आपल्याला एकदा वाचवलं ते स्वतःच्या हातानं फोडायला वेगळीच छाती लागते.

माझ्या मुलखातला नहुश्तान कोणता, हे मी बरीच वर्षं मनात ठेवून आहे. साखर कारखाना.

सहकारी कारखाना आला तेव्हा तो खरंच तारणारा होता. ज्वारी, करडई, तुरीच्या मुलखात शेतकऱ्याला पहिल्यांदा सभासद म्हणून पत मिळाली, हक्काचं गिऱ्हाईक मिळालं, कारखान्याच्या आवारात शाळा-कॉलेज आलं. विलासरावांनी उभा केलेला मांजरा कारखाना चांगल्या कारभारासाठी नावाजला गेला, आणि त्यात काही खोटं नाही. शेतकरी ऊस लावतो तो मूर्ख म्हणून नव्हे. उसाला कायद्यानं ठरलेला दर आहे, एफआरपी आहे. तुरीचा आणि सोयाबीनचा हमीभाव पुष्कळदा कागदावर राहतो. लातूरच्या आडतीत ज्याचा माल पडला आहे त्याला विचारा. गारपीट झाली, अवकाळी आला, तरी ऊस उभा राहतो. मजूर मिळत नसले तरी टोळी येऊन तोडून नेते. ज्याला साप चावलाय तो पितळेच्या सापाकडे पाहणारच.

पण आमच्या मांजरा नदीचं खोरं पाण्याच्या तुटीचं खोरं आहे. सात-आठशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात वर्ष-दीड वर्ष पाणी पिणारं पीक हे धूप जाळणंच झालं. धरण आटलं की बोअर. दोनशे फूट, मग पाचशे, मग आठशे. पाणाड्याच्या हातातला नारळ उभा राहतो, गाडी रात्रभर घरघरते, सकाळी फुफाटा उडतो, आणि कर्ज तेवढं ओलं राहतं. माधवराव चितळ्यांच्या अध्यक्षतेखालच्या सिंचन आयोगानं १९९९ मध्येच तुटीच्या खोऱ्यांतल्या उसाबद्दल इशारा दिला होता. यशयाचं काम झालं, पुढचं राजाचं. त्या २०१५-१६ च्या हंगामातसुद्धा, इकडे शहरं कोरडी पडत असताना, मराठवाड्यात गाळप झालंच.

कुणी हा साप फोडायचा प्रयत्नच केला नाही, असं मात्र नाही, आणि तो प्रयत्न नांदेडच्या माणसानं केला याचा मला अभिमान आहे. शंकरराव चव्हाणांना लोक 'हेडमास्तर' म्हणत. त्यात आदर होता आणि वैतागही होता. पाटबंधारे खात्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. जायकवाडी, विष्णुपुरी ही नावं त्यांच्याशी जोडलेली आहेत. या माणसानं आठमाही पाण्याचा आग्रह धरला: कालव्याचं पाणी खरीप-रब्बीच्या आठ महिन्यांना, म्हणजे थोड्यांच्या बारमाही उसाऐवजी पुष्कळांच्या ज्वारी-गव्हाला. गणित साधं होतं. उसाच्या एका एकराच्या पाण्यात दुसऱ्या पिकाचे कितीतरी एकर भिजतात. साखरेच्या राजकारणानं त्यांना त्याबद्दल कधी माफ केलं नाही. आठमाही कागदावर राहिली, आणि जायकवाडीच्या कालव्यावरही ऊस चढला. शंकररावांच्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही. आणीबाणीत ते मुख्यमंत्री होते हे विसरता येत नाही. पण हातोडा उचललेला हात मी त्यांचाच पाहिला.

कुणी म्हणेल, हिज्कीयाला निवडणूक नव्हती. बरोबर आहे. आजच्या आमदारानं ऊस बंद करा म्हटलं तर तो पुढच्या वेळी घरी बसेल. पण मग आमदार आणि कारखान्याचा चेअरमन एकच असावा असं लोकशाहीत कुठं लिहिलंय? ज्याच्या हातात धरणाची किल्ली त्याच्याच हातात गव्हाणीची किल्ली असेल, तर तो कुणाचं ऐकेल? लोकांना पर्याय न देता ऊस सोडा सांगणं ही दमदाटी झाली. आधी तुरीला उसासारखा हुकमी दर द्या, मग हातोडा उचला. नहुश्तान फोडण्याआधी हिज्कीयानं मंदिराचे दरवाजे उघडले होते, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

आता मनश्शे. हिज्कीयाचा मुलगा, बापानंतर गादीवर बसला तेव्हा बारा वर्षांचा. सरळ वजाबाकी केली तर हे पोर त्या वाढीव पंधरा वर्षांत जन्मलेलं. त्यानं पंचावन्न वर्षं राज्य केलं आणि बापानं केलेलं सगळं उलटं फिरवलं. शास्त्रात त्याच्याइतकी काळी नोंद क्वचितच कुणाची. बापानं शहराला पाणी दिलं, तट दिला, सण दिला. पण आपल्यानंतर हे कोण आणि कसं सांभाळील, याची घडी घातली नाही. 'माझ्या हयातीत' म्हणणाऱ्याच्या घरात मनश्शेच जन्मतो, हा मला त्या ग्रंथाचा न बोललेला निवाडा वाटतो.

आणि हे फक्त यरुशलेमात घडतं असं नाही. मलिक अंबर हा गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. त्यानं निजामशाही पाव शतक तोलून धरली, मोगलांना घाम फोडला, जमिनीची मोजणी लावून दिली, खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, नहर आणली. १६२६ मध्ये तो गेला. मुलगा फत्तेखान. त्यानं धन्याचाच घात केला आणि १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हवाली केलं. सात वर्षं पुरली. नहरीचं पाणी मात्र पुढं शतकानुशतकं वाहत राहिलं. बाप खापराचे नळ पुढच्यांसाठी ठेवून गेला, राज्य फक्त मुलासाठी.

याच्या अगदी उलट गोष्ट माझ्या गावात घडली आहे. नांदेडला, गोदावरीच्या काठी, १७०८ च्या ऑक्टोबरमध्ये. गुरू गोविंदसिंगांचे चारही मुलगे आधीच गेले होते, दोन चमकौरच्या लढाईत, दोन सरहिंदला. मारेकऱ्याच्या वाराची जखम अंगावर होती. गादी कुणाला, हा प्रश्न त्यांच्यापुढंही होता. बंदासारखा लढवय्या त्यांनी इथंच हेरला होता, त्याला पंजाबात धाडलं; पण गुरुपद त्याला दिलं नाही. ते कुठल्याच माणसाला दिलं नाही. ग्रंथाला दिलं, आणि कारभार पंथावर सोपवला. लहानपणापासून सचखंड गुरुद्वाराच्या परिसरात वावरताना मला हे फक्त भक्तीचं वाटायचं. आता त्यात राज्यशास्त्र दिसतं. ज्याच्यामागं पोर उरलं नाही त्यानं गादीचाच अर्थ बदलून टाकला. मी पंथाचा इतिहास सोवळा करून सांगत नाही. भांडणं, तट, पुढाऱ्यांचे हेवेदावे तिथंही झाले. पण ते सगळे ज्याच्यापुढं वाकतात ते कुणाच्या वंशातलं नाही.

नांदेड-लातूरच्या राजकारणात गाद्या कशा चालतात हे सांगायला लेख लागत नाही, मतपत्रिका पुरे. मुलगा कर्तबगार असू शकतो, तो मुद्दाच नाही. मुद्दा असा, की पाणी किती, कुणाला, आधी कुणाला, हे ठरवणारा ग्रंथ कुठं आहे? प्यायला किती राखून ठेवायचं हे धरण भरलेलं असतानाच लिहून ठेवावं, आणि चेअरमन बदलला, मंत्री बदलला, बापाच्या जागी लेक आला तरी ते फिरू नये, अशी काही व्यवस्था? कागदावर सापडेल. पाणी नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा आहे. पण त्याच्यापुढं वाकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

त्याच २०१६ साली, गाडी थांबून दोनेक महिने झाले नसतील, पाऊस असा कोसळला की धनेगावचं मांजरा धरण भरलं. बहिणीनं फोन केला, या वेळी पाण्यासाठी नव्हे. "दादा, बघायला चल." आम्ही गेलो. मागच्या सीटवर सिस्टरबाई. धरणावर जत्रा लोटली होती, भजी तळली जात होती, दरवाज्यांतून उसळणाऱ्या पाण्यापुढं पोरं फोटो काढत होती. पांढऱ्या गाड्यांचा ताफा आला, जलपूजन झालं, साडी-चोळी आणि नारळ पाण्यात सोडला गेला, कुणीतरी माइकवरून म्हणालं की आता चिंता मिटली.

सिस्टरबाई कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "पंधरा वर्षं मिळाली म्हणायची."

मी मनातल्या मनात हिशेब केला. २०३१.

परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या होत्या. सऱ्या पाडून झाल्या होत्या, आणि बायका ओणव्या होऊन उसाचं बेणं दाबत होत्या.